सिमेंटच्या पोत्यावरचं गाव

प्रश्न : काका, सध्या घराचं काम काढलंय. सिमेंटच्या पोत्यावर 'पोर्टलँड पोझोलाना' छापलेलं असतं. मुलगी म्हणते, पोझोलाना हे इटलीतल्या समुद्रकाठच्या एका गावाच्या नावावरून आलंय. आमचे गवंडी म्हणतात, ती साधी राख आहे, गावबिव काही नाही. घरात रोज यावरून वाद. खरं कोणाचं? आणि हे सिमेंट स्लॅबला चालेल ना?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : दोघांचंही. गाव आहे आणि राखही आहे. पैज लावली असेल तर निम्मी-निम्मी वाटून घ्या.

गावाचं नाव पोत्सुओली. नेपल्सच्या पश्चिमेला, मेट्रोने अर्ध्या तासावर. माझी मुलगी कामानिमित्त तीन वर्षं नेपल्सला होती, तेव्हा 2024च्या उन्हाळ्यात दीड महिना तिच्याकडे राहिलो. पाटबंधाऱ्याच्या कामांवर छत्तीस वर्षं सिमेंटची पोती मोजण्यात गेलेली. त्यामुळे लोक पोम्पेई बघायला धावतात तसा मी पोत्सुओलीला धावलो. बायको म्हणाली, "सिमेंटचं माहेर बघून या एकदाचं."

ग्रीक लोकांनी इ.स.पू. सहाव्या शतकात इथे वस्ती केली, तिचं नाव दिकाइआर्खिया, म्हणजे न्यायाने चालणारं राज्य. पुढे इ.स.पू. 194 मध्ये रोमनांनी आपली वसाहत बसवली आणि नाव ठेवलं पुतेओली. लॅटिनमध्ये 'पुतेउस' म्हणजे विहीर. पण 'पुतेरे' म्हणजे दुर्गंधी येणं, नाव त्यावरून पडलं असंही जुन्या काळापासून म्हणतात. स्टेशनाबाहेर पडलो तेव्हा वरच्या सोल्फतारा विवराकडून वारा येत होता आणि त्याला गंधकाचा, सडक्या अंड्याचा वास होता. माझं मत तिथल्या तिथे दुसऱ्या बाजूला पडलं.

आता राख. हा सगळा परिसर म्हणजे काम्पी फ्लेग्रेई, जळती शेतं. डोंगरासारखा उभा एक ज्वालामुखी इथे नाही. बारा-पंधरा किलोमीटर रुंदीची खोलगट थाळी आहे, तिच्यात लहानमोठी विवरं, आणि थाळीचा दक्षिणेकडचा भाग समुद्रात बुडालेला. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी आणि मग पंधरा हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाले. त्यांची राख इथल्या टेकड्यांत थरावर थर साचली आहे. रोमन बांधकामवाल्यांच्या लक्षात आलं की ही राख चुन्यात मिसळली तर माल पाण्याखालीही घट्ट होतो. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो. समुद्रात टाकला तर धुऊन जाईल. या राखेतलं सिलिका आणि अॅल्युमिना मात्र पाण्याच्या सोबतीनेच चुन्याला धरतं. वित्रुविअस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने इ.स.पू. पहिल्या शतकात हे लिहून ठेवलंय. तो म्हणतो, बायाएच्या आसपास एक पूड मिळते, तिच्यापासून आश्चर्यकारक गोष्टी घडतात. बायाए म्हणजे पोत्सुओलीच्या खाडीपलीकडचं गाव. त्या पुडीला पुढे 'पुतेओलीची पूड' म्हणू लागले, तिचंच झालं पोझोलाना.

ही पूड जहाजांत भरून दूरवर जायची. हेरोद राजाने इ.स.पू. 22 ते 10 या काळात आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावर सीझेरिया बंदर बांधलं, त्याच्या काँक्रीटमध्ये नेपल्सच्या आखातातली राख सापडली आहे. समुद्रातून सुमारे दोन हजार किलोमीटर राख वाहून नेली! आमच्या काळी शेजारच्या तालुक्यातून वाळू आणायची तरी चार सह्या लागायच्या.

तुमच्या पोत्यात मात्र पोत्सुओलीची राख नाही. त्यात कोराडी, चंद्रपूर, एकलहरे अशा औष्णिक केंद्रांतली फ्लाय अॅश असते, साधारण 15 ते 35 टक्के. काम तेच करते, म्हणून नावही तेच चिकटलं. तुमच्या गवंड्यांच्या आजोबांना विचारता आलं असतं तर ते म्हणाले असते, यात नवल काय, आम्ही चुना मळायच्या घाण्यात सुरखी घालायचोच की. भाजलेल्या विटेची पूड, तीही पोझोलानाच.

स्लॅबला चालेल, बिनधास्त वापरा. पण राखेला वेळ लागतो. पाणी निदान दहा दिवस मारा, तळकोकणातल्या उन्हात चौदा. आणि तिसऱ्या दिवशी फळ्या काढायची घाई करणाऱ्या ठेकेदाराला माझ्याकडे पाठवा.

प्रश्न : सर, मी भूशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या पुस्तकात तीन उंच रोमन खांबांचं चित्र आहे आणि मध्यावर भोकांचा काळा पट्टा. खाली लिहिलंय, समुद्री प्राण्यांनी पाडलेली भोकं. खांब गावात, जमिनीवर. प्राणी तिथे चढले कसे? आमच्या बाईंनी 'जमीन खालीवर होते' एवढ्यावर धडा संपवला.
— एक वाचक, पुणे

उत्तर : बाईंवर रागावू नका, परीक्षा जवळ आली असेल. उत्तर बरोबरच आहे, फक्त फार घाईत दिलंय.

ते खांब पोत्सुओलीचेच. बंदरापासून चार पावलांवर, रस्त्याच्या पातळीखाली एका चौकोनी खड्ड्यात उभे आहेत. कठड्याला टेकून फुकट बघता येतात. तिथे रोमन काळचा बाजार होता, मासळी-मटणाची मंडई म्हणा. 1750 साली खोदकाम करताना सेरापिस या मिसरी देवाची मूर्ती निघाली, म्हणून लोकांनी त्याला सेरापिसचं देऊळ ठरवून टाकलं. तेच नाव आजही तोंडी आहे.

प्रत्येक खांब एकसंध दगडाचा, चाळीस फूट उंच. दगड हिरवट पट्ट्यांचा संगमरवर, कांद्याच्या पाकळ्यांसारखा दिसतो म्हणून इटालियनमध्ये त्याला चिपोलिनो म्हणतात. खालचा सुमारे बारा फुटांचा भाग गुळगुळीत. त्यावर नऊ फुटांचा पट्टा भोकांनी चाळण झालेला. त्याच्या वर पुन्हा फक्त उन्हापावसाने खरबरीत झालेला दगड. दुर्बिणीतून पाहिलं तर काही भोकं अंगठा जाईल एवढी.

ही भोकं पाडणारा शिंपला म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या शिनाण्यांचा चुलतभाऊ. आकाराने आणि रंगाने थेट खजूर, म्हणून इटालियन त्याला समुद्राचा खजूरच म्हणतात. तो दगड कुरतडत नाही, अंगातून आम्लासारखा स्राव सोडून चुनखडी विरघळवतो आणि आत घर करतो. बोटाच्या दोन पेरांएवढा व्हायला त्याला वीस-वीस वर्षं लागतात. चवीला उत्तम म्हणे. पण तो काढायचा तर खडक फोडावा लागतो, म्हणून इटलीत त्याला हात लावायला बंदी आहे. हा प्राणी जगतो फक्त खाऱ्या पाण्याखाली. म्हणजे जमिनीपासून एकवीस फुटांपर्यंत कधीतरी समुद्र होता. मग खालच्या बारा फुटांत भोकं का नाहीत? कारण तेव्हा तो भाग राखेत आणि पडझडीच्या मातीत गाडला गेला होता. शिंपल्याला तिथपर्यंत पोचताच आलं नाही.

आता मुख्य मुद्दा. समुद्र वर आला, की जमीन खाली गेली? समुद्र वीस फूट चढला असता तर नेपल्ससकट सगळा किनारा बुडाला असता. तसं झालेलं नाही. म्हणजे जमीनच खचली, खांबांना सरळ उभं ठेवून, आणि पुन्हा उचलली गेली. चार्ल्स लायेल 1828 साली हे पाहून गेला आणि 1830च्या आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या पहिल्याच चित्रात त्याने हे तीन खांब छापले. पृथ्वी हळूहळू बदलते आणि त्या बदलात इमारती सहीसलामत उभ्या राहू शकतात, याला त्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नव्हता. संगणकाचा जनक मानतात तो चार्ल्स बॅबेजही इथे येऊन गेला होता. खालचे खडक तापून फुगतात आणि थंड होऊन आकसतात, असा हिशेब त्याने मांडला.

या खालीवर होण्याला इटालियन शब्द आहे ब्रादिसीस्मो. ग्रीकमध्ये ब्रादिस म्हणजे हळू, सीस्मोस म्हणजे हादरा. खाली काही किलोमीटरवर तापलेलं पाणी आणि वायू कोंडतात, त्यामागे शिलारस कितपत आहे यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. दाब वाढला की थाळीचा मधला भाग फुगतो, आणि फुगवट्याचा माथा येतो नेमका पोत्सुओली गावाखाली.

तुम्ही कोकणातल्या असता तर हे लक्षात आलं असतं की किनाऱ्यावर असा बदल ओळखणं सोपं नाही. आपल्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत सहा-सात फुटांचा फरक पडतो, त्यात हातभर बदल कोण बघतो? नेपल्सच्या आखातात भरती जेमतेम फूटभर. तिथे धक्क्याची एक पायरी जास्त दिसली की कोळ्याला लगेच कळतं.

कळलंही होतं. 1503 साली स्पेनचे राजाराणी फर्डिनंड आणि इझाबेला यांनी 'समुद्र जिथे वाळत चालला आहे' ती जमीन गावाला देऊन टाकली, तसं दानपत्र आहे. मला ते फार आवडलं. सरकारी कागदात ज्वालामुखीची नोंद व्हावी आणि लिहिणाऱ्याला तिचा पत्ताही नसावा! पुढची पस्तीस वर्षं किनारा उचलत राहिला. 1538च्या सप्टेंबरात समुद्र एकाएकी शेकडो पावलं मागे गेला, मासे कोरड्यावर तडफडू लागले आणि लोक टोपल्या घेऊन ते वेचायला धावले. 29 तारखेला जवळच जमीन फाटली. आठवड्याभरात 133 मीटर उंचीची नवी टेकडी उभी राहिली. तिचं नाव मोन्ते नुओवो, नवा डोंगर. त्रिपेर्गोले नावाचं गाव तिच्याखाली गेलं. उद्रेक शांत झाला असं समजून 6 ऑक्टोबरला काही लोक नवा डोंगर बघायला वर चढले आणि त्याच वेळी शेवटचा स्फोट झाला. चोवीस जण गेले.

मी त्या टेकडीवर चढून आलो. वर ओक आणि पाइनची झाडी आहे, पक्षी ओरडतात. पायथ्याशी अवेर्नो तळं, जिथून पाताळात उतरता येतं असं रोमन मानायचे. तळ्याकाठी आता द्राक्षमळे आहेत.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. मागच्या अंकात तुम्ही ओझरतं म्हणालात की रोमचा पूर्वेकडचा माल पुतेओलीला उतरायचा. मग आमचा पोसायडन तिथूनच निघाला असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मूर्तीच्या पायावर बंदराचा शिक्का नाही, तेव्हा छातीठोक सांगणार नाही. पण वाट दाखवू शकतो.

रोमजवळ धड बंदर नव्हतं. पहिल्या शतकात क्लॉडिअस बादशहाने रोमजवळच्या किनाऱ्यावर ओस्तियाजवळ नवं बंदर बांधायला घेईपर्यंत मोठी जहाजं पुतेओलीलाच लागायची. अलेक्झांड्रियाहून गहू घेऊन येणारा तांडा क्षितिजावर दिसला की सगळं गाव धक्क्यावर जमायचं, असं सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने एका पत्रात लिहिलंय. तो स्वतः मात्र घरी बसला, आळशीपणाचं कौतुक करत. त्याच वाटेने आलेल्या जहाजातून सेंट पॉल कैदी म्हणून इथे उतरला आणि सात दिवस राहिला, हे बायबलमध्येच आहे.

अलेक्झांड्रियाच्या मागे नाईल, तिच्यामागे तांबड्या समुद्रावरची बंदरं, आणि तिथून मोसमी वाऱ्यावर आपला किनारा. 'पेरिप्लस' नावाची त्या काळची ग्रीक दर्यावर्दी नोंदवही सांगते, भडोचला द्राक्षाच्या दारूला गिऱ्हाईक आहे आणि त्यातही इटलीची जास्त चालते. पैठण आणि तेर इथून माल भडोचला उतरतो, हेही त्यात आहे. प्लिनी हा रोमन लेखक एक मजेदार हकिगत देतो. आनिउस प्लोकामुस नावाच्या गृहस्थाकडे तांबड्या समुद्रावरच्या जकातीचा मक्ता होता. त्याचा मुक्त केलेला गुलाम अरबस्तानाला वळसा घालताना वाऱ्याने भरकटला आणि पंधराव्या दिवशी थेट श्रीलंकेला लागला. हे आनिउस घराणं पुतेओलीचं, असं तिथल्या शिलालेखांवरून मानतात.

गावात परदेशी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. अरबस्तानातल्या नाबातींचं देऊळ होतं, ते आता समुद्राच्या तळाशी सापडलंय. लेबनॉनमधल्या टायर शहराच्या व्यापाऱ्यांनी इ.स. 174 मध्ये आपल्या मायगावाला धाडलेलं पत्र दगडावर कोरलेलं मिळालं आहे: आमचं इथलं ठाणं सगळ्यांत मोठं आणि देखणं, पण माणसं कमी झाली, भाडं परवडत नाही, तेवढं तुम्ही भरा. दादरला गाळा घेतलेल्या कुठल्याही गाववाल्याचं पत्र वाटावं.

ज्या धक्क्यावर हे सगळं उतरायचं त्याचे पंधरा प्रचंड खांब होते, लांबी 372 मीटर, सगळं पोझोलानाच्या काँक्रीटचं. वादळात मोडला तेव्हा इ.स. 139 मध्ये अँटोनायनस पायस बादशहाने दुरुस्त केला. आज त्याच्यावरच नवा धक्का बांधलाय. खालचे खांब दिसत नाहीत, तरी मी अर्धा तास त्यावर फेऱ्या मारल्या.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही चार मैत्रिणी इटलीला निघालोय. सोफिया लॉरेनचं बालपण गेलं ते पोत्सुओली बघायचं डोक्यात आहे. पण तिथे सारखे भूकंप होतात असं वाचलं. जावं का? आणि इतके भूकंप होतात तर लोक गाव सोडत का नाहीत?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 20 मे 2024च्या रात्री आठच्या सुमारास आम्ही मुलीच्या घरी जेवायला बसलो होतो. आधी ट्रक गेल्यासारखा आवाज, मग ताटातली वाटी सरकली, मग टांगलेला दिवा. तीव्रता 4.4. कोयनेच्या भूकंपाला, 11 डिसेंबर 1967च्या पहाटे, मी आठ वर्षांचा होतो, चिपळूणला. आईने आम्हा तिघांना अंगणात कसं ओढलं ते आठवलं आणि मी ताट सोडून जिन्याकडे पळालो. खाली सगळी बिल्डिंग जमली होती. दोन बायका प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊनच उतरल्या होत्या. म्हणजे सवयीचा मामला. एका आजींनी मला खुर्ची दिली आणि गळ्यातल्या सान जेन्नारोच्या पदकाचं चुंबन घेतलं. या संताचा शिरच्छेद इ.स. 305 मध्ये सोल्फताराजवळच झाला असं मानतात.

2025च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये 4.6चे दोन झाले. 2005पासून जमीन सवा-दीड मीटर उचलली गेली आहे. धोक्याची पातळी 2012पासून पिवळी आहे. व्हेसुव्हिअस वेधशाळा, जगातली सर्वांत जुनी ज्वालामुखी वेधशाळा, 1841ची, दर आठवड्याला अहवाल काढते. उद्रेकाची चिन्हं दिसली तर सर्वांत धोक्याच्या, लाल पट्ट्यातले पाच लाख लोक 72 तासांत हलवायचे, असा आराखडा आहे. पोत्सुओलीकरांनी उत्तर इटलीतल्या लोम्बार्दी प्रांतात जायचं हेही ठरलेलं आहे. मला तो आराखडा वाचून पूरनियंत्रणाच्या बैठका आठवल्या, एवढंच म्हणतो.

सोडत का नाहीत? एकदा सोडायला लावलं होतं. 2 मार्च 1970 रोजी समुद्रावरच्या उंच कड्यावरची जुनी वस्ती, रिओने तेर्रा, एका दिवसात रिकामी केली. सुमारे तीन हजार माणसं, बहुतेक कोळी आणि मजूर. ती परत आली नाहीत. जमीन तेव्हा फुगली होती हे खरं, पण मोक्याची जागा मोकळी करायची होती हा संशय म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून अजून जात नाही. मग 1982 ते 84 मध्ये गाव एक मीटर ऐंशी सेंटीमीटर उचललं गेलं आणि चाळीस हजार लोकांना घरं सोडावी लागली. त्यांतल्या अनेकांसाठी मोन्तेरुशेल्लो नावाची नवी वसाहत बांधली. रुंद रस्ते, एकसारख्या इमारती, समुद्र नाही. धरणग्रस्तांच्या किती वसाहतींची उद्घाटनं मी पाहिली आहेत. आणखी काही सांगायला नको.

तर जा. एका दिवसासाठी घाबरू नका, फक्त धक्का बसला की मेट्रो रूळ तपासेपर्यंत थांबते, परतीला वेळ राखून ठेवा. सोल्फतारा बंद आहे. 2017 मध्ये तिथे जमीन खचून एका कुटुंबातली तिघं गेली, तेव्हापासून. रोमन आखाड्याचं तळघर बघा, जनावरांचे पिंजरे वर ओढायच्या खिडक्यांसकट शाबूत आहे. रिओने तेर्रावरचं चर्च बघाच: 1964 मध्ये त्याला आग लागली आणि नंतरच्या काळातल्या बारोक शैलीच्या भिंती गळून पडल्यावर आतून अख्खं रोमन देऊळ निघालं. आता दोन्ही मिळून एकच वास्तू आहे. मागे काचा, पुढे दोन हजार वर्षांचे खांब.

आणि शेवटी दार्सेनात उतरा. दार्सेना म्हणजे मच्छीमारांच्या होड्यांचं छोटं गोदीसारखं आवार, घरांना अगदी लागून. मी गेलो तेव्हा अर्ध्या होड्या चिखलात कलंडलेल्या होत्या, ओहोटी नसताना. पाणी गेलं नव्हतं, तळ वर आला होता. एक जण होडीच्या बुडाला निळा रंग काढत होता. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारतात त्या निवांतपणे. मी मुलीकरवी विचारलं, पाण्यात कधी घालणार? त्याने ब्रशनेच भिंतीकडे दाखवलं. दगडावर वाळून पांढऱ्या पडलेल्या कालवांचा पट्टा होता, पूर्वी पाणी असायचं त्या उंचीवर. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या पट्ट्याच्या वर चार बोटं.